डिलीट दाबून दाबून बोट दुखलं? जुन्या ब्रँडेड पीसीचा सेटअप असा उघडतात

कुणाच्या तरी माळ्यावरून नाहीतर भंगारवाल्याकडून एखादा जुना आयबीएम पीएस/२ किंवा कॉम्पॅक डेस्कप्रो घरी येतो, आपण तो पुसून-बिसून चालू करतो, मेमरी मोजली जाते, बीप वाजतो, स्क्रीनवर १६१ की १६२ असला काहीतरी आकडा येतो आणि गाडी तिथेच अडते. मग सेटअप, म्हणजे मशीनला मेमरी, डिस्क, तारीख सांगायचा मेनू, उघडायला सवयीने डिलीट. मग एफ२. मग एफ१०, एफ१२, एस्केप, हाताला लागेल ते. काहीच होत नाही, आणि माणूस ठरवून टाकतो की मदरबोर्ड गेला.

बहुतेक वेळा मदरबोर्ड गेलेला नसतो. गंमत अशी आहे की आपण जे शोधतोय ते त्या मशीनच्या चिपमध्ये नसतंच. असेंबल्ड पीसीत सेटअपचा प्रोग्राम बायोसच्या (मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) रॉम चिपमध्येच असतो म्हणून एक कळ दाबली की उघडतो, पण मोठ्या कंपन्यांनी बरीच वर्षं तो फ्लॉपीवर दिला, नाहीतर हार्ड डिस्कच्या एका लपवलेल्या कोपऱ्यात ठेवला. त्यामुळे पहिला प्रश्न ‘कुठली कळ दाबू’ हा नाही, ‘माझ्या मशीनचा सेटअप राहतो कुठे’ हा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, म्हणजे वेळखाऊ आहे पण सोपं आहे.

हे असं का केलं त्यांनी

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला सेटअप हा प्रकारच नव्हता. बोर्डवर डिप स्विच होते, किती मेमरी, किती फ्लॉपी ड्राइव्ह, कुठलं डिस्प्ले कार्ड हे त्या छोट्या स्विचांवर सांगायचं. तुमच्याकडे पीसी किंवा एक्सटी असेल तर कळा दाबण्यात वेळ घालवू नका, डबा उघडा आणि स्विच बघा.

१९८४ ला एटी आला आणि त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप आली, तिच्यात ६४ बाइट मेमरी. त्यातले १४ बाइट घड्याळाला, उरलेले ५० सेटिंगला. ही मेमरी बॅटरीवर जिवंत राहते, हीच ती सीमॉस. पण सेटिंग बदलायचा प्रोग्राम रॉममध्ये घालायला जागा महाग होती, म्हणून तो डायग्नॉस्टिक्सच्या फ्लॉपीवर दिला. पीएस/२ ला रेफरन्स डिस्क नावाची फ्लॉपी दिली, कॉम्पॅकनेही आधी फ्लॉपी आणि नंतर डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे तिचा वेगळा पाडलेला भाग, असा रस्ता धरला. तेव्हा ते ठीकच होतं, फ्लॉपी खोक्यातच यायची. आज तीस-पस्तीस वर्षांनी मशीन आहे आणि फ्लॉपी कुठल्या कुठे गेलीये, म्हणून आपली ही वणवण.

चालू करायच्या आधी

मशीन परदेशातून आलेलं असेल, विशेषतः अमेरिकेतून, तर मागे पॉवर सप्लायवर लाल स्विच आहे का बघा. ११५ वर असेल आणि तुम्ही आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातलं तर फट्ट आवाज येईल आणि हा लेख पुढे वाचायची गरज उरणार नाही. स्विच नसेल तर लेबल वाचा, काही सप्लाय आपोआप जुळवून घेतात, काही फक्त ११० चेच असतात.

मग डबा उघडून बॅटरी बघा. बोर्डवर निळा किंवा हिरवा, पिंपासारखा ३.६ व्होल्टचा रिचार्जेबल सेल असेल तर तो फुटलेला असायची शक्यता भरपूर आहे, आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की तो सेल कापून बाहेर काढा, व्हिनेगर बुडवलेल्या इअरबडने जागा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. हे न करता सेटअप शोधायला बसलात तर कीबोर्डच चालत नाही असं कळेल, कारण बऱ्याच बोर्डांवर कीबोर्ड कंट्रोलर त्या बॅटरीच्या शेजारीच असतो.

कीबोर्ड म्हणाल तर त्या काळाचाच लावा. यूएसबी कीबोर्डला कन्व्हर्टर लावून काही ठिकाणी चालतं पण सुरुवातीच्या त्या एक-दोन सेकंदांत तो जागाच झालेला नसतो, आणि आपण मात्र कळ चुकली असं समजतो. केव्हीएम स्विचही (एकच कीबोर्ड-स्क्रीन अनेक मशीनना वाटून देणारा) मध्ये नको. जुन्या कीबोर्डच्या पोटाखाली एक्सटी-एटी असा स्विच असेल तर तो तुमच्या मशीनप्रमाणे हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका. परत लिहितो, फॉरमॅट करू नका. मी माझ्या पहिल्या कॉम्पॅकला हाच घोळ घातला होता. एफडिस्कमध्ये (जुन्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचा पार्टिशनं दाखवणारा प्रोग्राम) एक चार-पाच एमबीचं नॉन-डॉस पार्टिशन दिसलं, म्हटलं कुणाचातरी जुना कचरा असेल, उडवलं, स्वच्छ डॉस टाकलं, खूश झालो. दुसऱ्या दिवशी एफ१० दाबलं तर ढिम्म. तो कचरा म्हणजेच सेटअप होता. नंतर फ्लॉपीची इमेज (फाइलरूपातली हुबेहूब प्रत) शोधून, डिस्क लिहून, सगळं परत उभं करायला दोन रविवार गेले. तर शक्य असेल तर डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने (आयडीई ही त्या काळची डिस्क जोडायची पद्धत) दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिची अख्खी इमेज काढून ठेवा, मग काय खेळायचं ते खेळा. फार जुन्या आयडीई डिस्क या यूएसबी अडॅप्टरला दाद देत नाहीत, तेव्हा आयडीई पोर्टवाला एखादा पेंटियम ३-४ चा डबा हाताशी असला तर बरं पडतं.

स्क्रीन काय म्हणतेय ते नीट बघा

घाई न करता एकदा पूर्ण सुरू होऊ द्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा, नंतर थांबवून थांबवून बघता येतो. तीन गोष्टी बघायच्या: कुठला आकडा येतो, कर्सर कुठे उडी मारतो, आणि कुठे एफ१ वगैरेचा उल्लेख आहे का.

आकडे आयबीएमने पाडलेत आणि बाकीच्यांनी बरेचसे तसेच उचलले. १६१ म्हणजे बॅटरी संपली. १६२ म्हणजे सेटिंग आणि प्रत्यक्ष मशीन जुळत नाही. १६३ म्हणजे तारीख-वेळ लावलेली नाही. १६४ म्हणजे मेमरीचा हिशोब चुकला. ३०१ कीबोर्ड, ६०१ फ्लॉपी, १७ ने सुरू होणारे चार आकडी नंबर हार्ड डिस्कचे. १६१ आणि १६३ जोडीने आले तर आनंद माना, मशीन धड आहे, फक्त विसरभोळं झालंय.

कर्सर किंवा छोटा चौकोन वर उजव्या कोपऱ्यात जाऊन लुकलुकला तर ती खूण आहे. कॉम्पॅक आणि नंतरचे पीएस/२ दोन्ही अशीच खूण देतात, एक-दोन सेकंद, आणि कळ तेव्हाच दाबायची असते. आधीपासून बडवत बसलात तर कीबोर्डचा बफर भरून एररच यायची.

आयबीएम पीएस/२

पीएस/२ एप्रिल १९८७ मध्ये आले आणि यांतल्या ५० आणि त्यावरच्या बहुतेक मॉडेलना मायक्रो चॅनल नावाची कार्ड बस, म्हणजे कार्डं मशीनला जोडायची रचना, आहे. या मशीनमध्ये जंपर-बिंपर (बोर्डवरच्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) सेट करायचे नाहीत, सगळं सॉफ्टवेअरने. त्यामुळे रेफरन्स डिस्कशिवाय पान हलत नाही, साधं कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात टाकलं तरी १६५ एरर येऊन डिस्क मागतं.

सुरुवातीच्या मॉडेलना (५०, ६०, ७०, ८०, ५५ एसएक्स वगैरे) कुठलीही कळ नाही. रेफरन्स डिस्क ए ड्राइव्हमध्ये घाला, चालू करा, बास. कुठली डिस्क कुठल्या मॉडेलला हे बघूनच उतरवा. ५० आणि ६० ला एक, ७० आणि ८० ला दुसरी, ५५ ला वेगळी. चुकीची घातली तर ती सरळ नाही म्हणते, नुकसान काही होत नाही. या डिस्कच्या इमेज जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांनी नेटवर जपून ठेवल्यात, मॉडेल नंबर टाकून शोधलं की मिळतात.

आता डिस्क बनवायची कशी. आजच्या लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून १.४४ एमबी आणि ७२० केबी, दोन्ही प्रकारच्या साडेतीन इंची लिहिता येतात, लिनक्सवर डीडी, विंडोजवर रॉराइटसारखं काहीही चालतं. ५.२५ इंची लागणार असेल, म्हणजे मूळ एटीला, तर यूएसबीवाला ड्राइव्ह उपयोगाचा नाही, तेव्हा ग्रीझविझलसारखा, जुने ड्राइव्ह यूएसबीला जोडणारा बोर्ड आणि खरा ५.२५ चा ड्राइव्ह लागतो. एक फ्लॉपी लिहून विश्वास ठेवू नका, तीन लिहा. जुन्या स्टॉकच्या फ्लॉप्या आतून बुरशीने माखलेल्या असतात, शटर सरकवून उजेडात धरून बघा, ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लागते.

डिस्क घातली तरी ६०१ येतोय किंवा नुसती घरघर? मग ड्राइव्ह बघा. पीएस/२ च्या फ्लॉपी ड्राइव्हमधले छोटे कपॅसिटर गळतात, हा जुनाच आणि सगळ्यांना माहीत असलेला रोग आहे. कपॅसिटर बदलले, हेड पुसलं की बरेच ड्राइव्ह उठतात. साधा पीसीचा ड्राइव्ह तिथे सरळ बसत नाही कारण बऱ्याच मॉडेलमध्ये कनेक्टर वेगळा असतो.

डिस्क चालली की लोगो येतो, एंटर मारा. बॅटरी गेली असेल तर ती आधी तारीख विचारेल आणि मग ‘ऑटोमॅटिक कॉन्फिगर करू का’ असं विचारेल, वाय दाबा. इथे बहुतेकांचं काम होतं. पण कार्ड लावलेली असतील आणि त्यांची माहिती डिस्कवर नसेल तर कॉन्फिगर होणार नाही. प्रत्येक मायक्रो चॅनल कार्डाला चार अक्षरी हेक्स नंबर (० ते ९ आणि ए ते एफ यांचा) असतो आणि त्या नंबरची एक एडीएफ फाइल लागते, फाइलच्या नावात सुरुवातीला ॲट-द-रेटचं चिन्ह आणि मग तो नंबर. ही फाइल मिळवून वेगळ्या फ्लॉपीवर टाका आणि मेनूतून ‘कॉपी ॲन ऑप्शन डिस्केट’ निवडा, ती रेफरन्स डिस्कवर जाते. म्हणूनच रेफरन्स डिस्क राइट-प्रोटेक्ट नको, आणि म्हणूनच मूळ पिवळी पडलेली डिस्क नशिबाने मिळाली असेल तर तिच्यावर काम करू नका, कॉपीवर करा.

मेनूत एक गुपित आहे, मुख्य मेनूवर असताना कंट्रोल+ए दाबलं की ॲडव्हान्स्ड डायग्नॉस्टिक्स उघडतं. त्यात अख्खी डिस्क पुसणारं लो-लेव्हल फॉरमॅटही आहे, तेव्हा उत्साहात तिथे बटणं दाबू नका.

नंतरची मोठी मॉडेल, म्हणजे ९०, ९५, ५६, ५७, ७६, ७७ ही मंडळी, यांत रेफरन्स डिस्कचा माल स्कझी (आयडीईसारखीच डिस्क जोडायची दुसरी पद्धत) हार्ड डिस्कच्या शेवटी ३ एमबीच्या सिस्टिम पार्टिशनमध्ये असतो. इथे चालू झाल्यावर कर्सर वर उजव्या कोपऱ्यात गेला की कंट्रोल+ऑल्ट+इन्सर्ट. डिलीट नाही, इन्सर्ट. डिलीट दाबलं तर परत पहिल्यापासून, जे सरावासाठी वाईट नाही. हे पार्टिशन एफडिस्कला दिसत नाही, मशीन डिस्कच तेवढी लहान सांगतं, म्हणून तिथल्या तिथे फॉरमॅट केलं तर ते वाचतं. पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून पूर्ण पुसली की गेलं. मग आय९९९ ने सुरू होणारा लांबलचक नंबर येतो आणि परत रेफरन्स डिस्क लागते, तिच्यातून सिस्टिम पार्टिशन रिस्टोअर करता येतं. डिस्क बदलत असाल तर नवी डिस्क स्कझी आयडी ६ वर ठेवा, पीएस/२ ला बूट डिस्क तिथेच लागते, आजच्या सवयीने ० वर ठेवलीत तर डोकं खाजवत बसाल.

कॉम्पॅक

कॉम्पॅकचे तीन काळ आहेत असं समजा. अगदी जुने पोर्टेबल आणि डेस्कप्रो २८६-३८६, यांना सेटअप फ्लॉपीवर, डायग्नॉस्टिक्सची डिस्क घालून बूट करायचं. मधले, म्हणजे ४८६ आणि पहिले पेंटियम, यांना डिस्कवरचं पार्टिशन, वर उजवीकडे चौकोन लुकलुकला की एफ१०. नंतरचे, नव्वदच्या दशकाच्या शेवटचे, यांत सेटअप अखेर रॉममध्ये आला आणि स्क्रीनवर एफ१० असं सरळ लिहूनही यायला लागलं. सीमारेषा काटेकोर नाही, म्हणून मॉडेलचं नाव बघण्यापेक्षा एफ१० दाबून बघणं सोपं.

मधल्या काळातल्या मशीनवर चौकोन येतो, एफ१० दाबता, आणि तरी सरळ डॉस सुरू होतं किंवा डायग्नॉस्टिक्सची फ्लॉपी घाला असं सांगतं, याचा अर्थ पार्टिशन गेलंय किंवा कुणीतरी डिस्क बदललीये. माझ्यासारख्या कुणीतरी.

उपाय असा. कॉम्पॅकने ड्रायव्हर, सेटअप वगैरे सॉफ्टपॅक नावाच्या नंबरवाल्या पुडक्यांत दिलं होतं. २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत गेली तरी त्या फाइलींच्या प्रती हौशी लोकांच्या साठ्यात सापडतात. तुमच्या मॉडेलचा सेटअप आणि डायग्नॉस्टिक्सचा सॉफ्टपॅक शोधा, डॉसवर चालवा, तो फ्लॉप्या लिहून देतो. पहिल्या फ्लॉपीने बूट करून सेटअप चालवा, सेटिंग सेव्ह करा. एवढ्यावरही भागतं, दरवेळी फ्लॉपी लागेल इतकंच. पार्टिशन परत हवं असेल तर मात्र डिस्क रिकामी असतानाच ते बनवा, आधी हे आणि मग डॉसचं पार्टिशन. उलट्या क्रमाने केलंत तर त्याला जागा मिळत नाही आणि परत पहिल्यापासून.

कॉम्पॅकच्या काही सर्व्हर आणि वरच्या डेस्कटॉपमध्ये आयसा (साध्या पीसीतली कार्डांची बस) नव्हे तर ईसा बस असते, मायक्रो चॅनलला उत्तर म्हणून १९८८ मध्ये कॉम्पॅक आणि बाकी आठ कंपन्यांनी काढलेली. तिथे ईसा कॉन्फिगरेशन युटिलिटी लागते आणि प्रत्येक कार्डाची सीएफजी फाइल. पद्धत पीएस/२ सारखीच, फक्त फाइलची नावं वेगळी.

बाकीचे, जरा भराभर

झेनिथ. इथे आपल्याकडे हमखास गोंधळ होतो कारण मुंबईची झेनिथ कॉम्प्युटर्स वेगळी आणि अमेरिकेची झेनिथ डेटा सिस्टिम्स वेगळी, दोघींचा संबंध नाही. मी सांगतोय ती अमेरिकेची. तिच्या मशीनमध्ये कंट्रोल+ऑल्ट+इन्सर्ट दाबलं की रॉममधला मॉनिटर प्रोग्राम उघडतो, एक बाण आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. तिथे सेटअप असा शब्द टाइप करून एंटर, प्रश्नचिन्ह टाकलं तर कमांडची यादी. त्या काळाच्या मानाने फारच सुसंस्कृत सोय, मला तर सगळ्यांत हीच आवडते.

डेलच्या ३८६-४८६ मध्ये बहुधा कंट्रोल+ऑल्ट+एंटर, नंतर एफ२. एएसटी आणि जुने एसर कंट्रोल+ऑल्ट+एस्केप. जुना फीनिक्स बायोस असेल तर कंट्रोल+ऑल्ट+एस. यातल्या कंट्रोल-ऑल्टवाल्या कळा कित्येकदा डॉस प्रॉम्प्टवर असतानाही चालतात, सुरुवातीच्या सेकंदांत पकडायची धावपळ नको. फक्त साध्या डॉसवर, विंडोज सुरू असताना नाही, आणि मेमरी मॅनेजर लोड असेल तर कधी कधी लटकतं.

तोशिबाचे लॅपटॉप चालू करताना एस्केप दाबून ठेवा, मग ‘चेक सिस्टिम’ असं काहीतरी म्हणून ते एफ१ मागतं, एफ१ दाबा. आयबीएम थिंकपॅड बंद असताना एफ१ दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर द्या, नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच थिंकपॅडवर चित्रांचा, माउसने चालणारा इझी-सेटअप येतो. पण सुरुवातीचे ७०० सीरिजवाले काही थिंकपॅड मायक्रो चॅनलचे आहेत, त्यांना परत रेफरन्स डिस्कच.

टँडी १००० च्या एचएक्स, एसएल, टीएल वगैरेंत सेटिंग बॅटरीवर नसून ईईप्रॉममध्ये (बॅटरीशिवाय लक्षात ठेवणाऱ्या चिपमध्ये) असतं, त्यामुळे ते विसरत नाही, पण बदलायला टँडीचा स्वतःचा सेटअप प्रोग्राम डॉसवर चालवावा लागतो.

काहीच चाललं नाही तर मशीनला घाबरवा

बायोसला चूक सापडली की तो स्वतःहून सेटअपकडे नेतो किंवा निदान कुठली कळ दाबायची ते सांगतो. म्हणून मुद्दाम चूक करायची. सगळ्यात साधा उपाय, चालू करताना कुठलीही एक साधी कळ, समजा स्पेसबार, दाबून धरायची. कीबोर्ड अडकलाय असं समजून ३०१ येतो आणि खाली ‘पुढे जायला एफ१, सेटअपला अमुक’ अशी ओळ येते, ती अमुक कळ हीच आपल्याला हवी होती. दुसरा उपाय, मशीन बंद करून मेमरीची एक जोडी काढा, १६४ येईल. किंवा फ्लॉपीची केबल काढा.

तिसरा उपाय एटी-कंपॅटिबल मशीनसाठी, आणि मशीन डॉसपर्यंत येत असेल तरच. सीमॉसमधल्या सेटिंगची बेरीज दोन बाइटमध्ये ठेवलेली असते, हेक्स २ई आणि २एफ वर. ती बेरीज बिघडवली की पुढच्या वेळी बायोस म्हणतो सेटिंग खराब आहे. डॉसवर डीबग चालवा, आणि अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करा: आधी ‘ओ ७० २ई’, एंटर, मग ‘आय ७१’, एंटर, जो आकडा दिसेल तो लिहून घ्या. मग परत ‘ओ ७० २ई’, एंटर, आणि ‘ओ ७१’ च्या पुढे तो सोडून दुसरा कुठलाही हेक्स आकडा, एंटर. क्यू दाबून बाहेर या, मशीन बंद करून चालू करा. यात बायोस मूळ सेटिंग टाकून देऊ शकतो, म्हणून हार्ड डिस्कचा टाइप माहीत नसेल तर हे करू नका. पीएस/२ वर हा नुस्खा चालवू नका, तिथे सीमॉसची मांडणी वेगळी आहे.

सेटअपची मूळ फ्लॉपी कुठेच मिळत नसलेल्या २८६-३८६ साठी जीसेटअप नावाचा छोटा डॉस प्रोग्राम आहे, तो सीमॉसचे नेहमीचे बाइट, म्हणजे तारीख, फ्लॉपी, डिस्क टाइप, मेमरी, थेट लिहितो. ज्यांच्यात कंपनीचं स्वतःचं काही खास नाही अशा मशीनवर याने काम होऊन जातं.

बॅटरी बदलल्याशिवाय हे सगळं एका रात्रीपुरतंच

सेटअप उघडला, सेव्ह केला, सकाळी परत १६१. त्यामुळे बॅटरी करायचीच. पीएस/२ ५०, ६०, ७०, ८० यांना ६ व्होल्टची सीआर-पी२ लागते, फिल्म कॅमेऱ्यात जायची तीच, फोटोच्या जुन्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. साध्या बोर्डवर चार पिनांचा बाहेरच्या बॅटरीचा कनेक्टर असेल तर तिथे तीन एए सेलचा होल्डर लावा, डब्याच्या एका कडेला चिकटवा, बोर्डपासून लांब, म्हणजे गळले तरी बोर्डवर गळणार नाहीत. काढलेल्या रिचार्जेबल सेलच्या जागी साधा सेल थेट जोडू नका, बोर्ड त्याला चार्ज करत बसेल, मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला.

खरी डोकेदुखी डॅलसची. काळी, जाडजूड, २४ पिनांची चिप, वर घड्याळाचं चित्र, नंबर डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७. पीएस/२ ५५ एसएक्स मध्ये, काही कॉम्पॅकमध्ये असते. हिची बॅटरी आतच, प्लॅस्टिकमध्ये ओतलेली, आयुष्य दहाएक वर्षांचं, म्हणजे कधीच संपलेली. सॉकेटवर असेल तर नशीब, नवी आणून बसवा, पण स्वस्तात ‘नवी’ म्हणून येते ती कित्येकदा जुन्या बोर्डवरून उपटून पॉलिश केलेली असते, मी दोनदा फसलोय, तारखेचा कोड वाचून घ्या. नाहीतर कोरायची. चिपच्या एका बाजूला १६ आणि २० नंबरच्या पिनांच्या जागा खाली रिकाम्या असतात, कारण त्या आत वरच्या दिशेने वाकवून बॅटरीला जोडल्यात. त्या बाजूने छोट्या ग्राइंडरने हळूहळू प्लॅस्टिक घासायचं, दोन चकचकीत पट्ट्या दिसल्या की थांबायचं, जुन्या बॅटरीकडे जाणारा भाग कापायचा आणि सीआर२०३२ चा होल्डर लावायचा, २० ला प्लस, १६ ला मायनस. मास्क लावा, ती पूड नाकात जाण्यासारखी नाही.

आत गेल्यावर काय भरायचं

फ्लॉपी आणि मेमरी सोपं आहे. अडतं ते हार्ड डिस्कच्या टाइपवर. जुन्या सेटअपमध्ये डिस्क आपोआप ओळखली जात नाही, १ ते ४७ च्या आसपासचा नंबर निवडायचा असतो आणि त्या नंबरामागे ठरलेले सिलिंडर, हेड, सेक्टर (डिस्कचं माप सांगणारे आकडे) असतात. पहिले काही टाइप सगळीकडे सारखे, पुढचे कंपनीगणिक बदलतात, म्हणून आयबीएमची यादी बघून कॉम्पॅकमध्ये नंबर टाकू नका. बऱ्याच ठिकाणी ४७ हा स्वतः आकडे भरायचा टाइप असतो, तो असेल तर डिस्कच्या लेबलवरचे आकडे तसेच टाका. तो नसेल तर आयडीई डिस्कला तिच्यापेक्षा लहान बसणारा कुठलाही टाइप चालतो, थोडी जागा वाया जाते इतकंच. मात्र डिस्कवर आधीचा डेटा असेल तर जो टाइप आधी होता तोच हवा, नाहीतर तो दिसणार नाही. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर ही जुनी मर्यादा, म्हणजे ५०४ एमबी, त्यापुढची डिस्क किंवा सीएफ कार्ड (कॅमेऱ्यात वापरायचं मेमरी कार्ड) लावायचं असेल तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा मोठ्या डिस्क ओळखणारा प्रोग्राम रॉममध्ये टाकून नेटवर्क कार्डच्या सॉकेटमध्ये बसवतात आणि सेटअपमध्ये डिस्क ‘नाही’ असं सांगतात.

तारखेला काही सेटअप २००० च्या पुढचं साल घेतच नाहीत. तिथे २८ वर्षं मागचं साल टाका, वार आणि तारखा अगदी जुळतात. १९९८ चं कॅलेंडर काढून २०२६ च्या शेजारी ठेवून बघा.

पासवर्ड विचारत असेल तर आधी बघा की मशीन तुमचंच आहे. डेस्कटॉपवर बहुधा बोर्डवर जंपर असतो किंवा बॅटरी काढून थोडा वेळ ठेवली की जातो. थिंकपॅडच्या सुपरव्हायझर पासवर्डला मात्र बॅटरी काढून काही होत नाही, तो वेगळ्या ईईप्रॉममध्ये असतो, त्यामुळे विकत घेतानाच चालू करून एफ१ दाबून बघा आणि कुलपाचं चित्र आलं तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

सगळं जमलं की सेटअपच्या प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा, आणि डिस्कचा टाइप, बॅटरीचा नंबर, दाबायची कळ असं एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रेफरन्स डिस्कची एक चांगली कॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथेच ठेवा, फक्त स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब.